रक्ताचा थेंब आणि नॅनो सेन्सर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डेंग्यूच्या झटपट तपासणीच्या कार्डवर उमटणाऱ्या लाल रेघेत सोनं असतं म्हणे. खरं का? (नाशिक)

बहुतेक कार्डांत असतं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या कार्डांतले सोन्याचे कण साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे. इतके बारीक कण हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून सोनं लाल दिसतं. कणांवर डेंग्यूच्या एनएस१ प्रथिनाला धरणारी अँटिबॉडी बसवलेली असते. रक्तातला द्रव पट्टीवरून झिरपताना प्रथिन कणांना चिकटतं आणि 'टी' (टेस्ट) रेघेवरची दुसरी अँटिबॉडी ते कणांसकट अडवते. असंख्य कण एकाच जागी अडकले की रेघ दिसू लागते. 'सी' (कंट्रोल), म्हणजे कार्ड नीट चाललं हे दाखवणारी रेघ, आलीच नाही तर कार्ड बाद धरा.

एनएस१ मुख्यतः तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतं. त्यानंतर कार्ड निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. खात्रीसाठी प्रयोगशाळेत एलायझा ही रक्ततपासणी करतात.

प्रश्न : वडिलांना हृदयविकार आहे. छातीत दुखलं तर बोटाच्या रक्तावर घरीच ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) पाहता येईल असं यंत्र मिळेल का? शुगर तर घरी बघतोच. (कोल्हापूर)

तुमची काळजी समजते, म्हणून आधी स्पष्ट सांगतो: वडिलांच्या छातीत दुखलं तर कुठल्याही यंत्राची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी होईल तिथे पोहोचा.

आता शुगरशी तुलना. लिटरभर रक्तात ग्लुकोज साधारण एक ग्रॅम असतं. ट्रोपोनिन-टीच्या अतिसंवेदनशील तपासणीत धोक्याची रेषा आहे लिटरला १४ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्लुकोजच्या सात कोटींव्या हिश्शाच्या आसपास. त्याच रक्तात अल्ब्युमिन हे नेहमीचं प्रथिन वजनाने या ट्रोपोनिनच्या जवळपास तीनशे कोटी पट. सेन्सरच्या पृष्ठभागावर ही गर्दीच आधी येऊन चिकटते.

दुसरी अडचण मिठाची. हार्वर्डमधल्या चार्ल्स लीबर यांच्या गटाने २००५ मध्ये सिलिकॉनच्या नॅनोतारांवर कॅन्सरशी संबंधित तीन प्रथिनं एकाच वेळी ओळखून दाखवली. प्रथिन चिकटलं की त्याच्या विद्युतभारामुळे तारेतला प्रवाह बदलतो. पण रक्तातले क्षार हा भार एका नॅनोमीटरच्या आतच झाकून टाकतात आणि अँटिबॉडी स्वतःच दहाएक नॅनोमीटरची! त्यामुळे लीबर यांच्या गटाला सीरममधले (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातले) क्षार आधी काढावे लागले. प्रयोगशाळेत हे जमतं. घरी, घाबरलेल्या माणसाच्या बोटातून काढलेल्या थेंबावर तेच करणं फार वेगळं काम आहे.

शिवाय ट्रोपोनिनचा एक आकडा पुरत नाही. दुखू लागल्यावर सुरुवातीला तो नॉर्मल येऊ शकतो, आणि मूत्रपिंडाच्या आजारातही वाढलेला असू शकतो. म्हणून एक ते तीन तासांनी पुन्हा रक्त घेऊन तो चढतोय का हे बघतात.

प्रश्न : एका थेंबात सगळे कॅन्सर ओळखणाऱ्या चाचणीची जाहिरात पाहिली. करून घेऊ का? (ठाणे)

काही त्रास नसताना केवळ जाहिरात पाहून करू नका. समजा, हजार निरोगी दिसणाऱ्या लोकांत एकालाच तो आजार आहे आणि चाचणी शंभरातल्या एका निरोगी माणसाला चुकून पॉझिटिव्ह ठरवते. खरा रुग्ण एक, विनाकारण धास्तावलेले दहा, आणि त्यातल्या काहींच्या बायोप्सीही (तुकडा काढून तपासणी) होणार. सेन्सर कितीही सूक्ष्म असला तरी हे गणित सुटत नाही. प्रोस्टेट कॅन्सरसाठी रक्तात पाहिलं जाणारं पीएसए हे प्रथिन तर प्रोस्टेट ग्रंथी नुसती वाढली किंवा तिथे जंतुसंसर्ग झाला तरी वाढतं.

थेरानोस या अमेरिकी कंपनीनेही थोड्याशा रक्तात शेकडो तपासण्यांचं स्वप्न विकलं होतं. तिच्या इवल्या नळीचं नाव होतं 'नॅनोटेनर'. संस्थापक एलिझाबेथ होम्स जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या.

पैसे भरण्याआधी लॅबला विचारा: ही चाचणी किती निरोगी लोकांवर करून पाहिली, आणि त्यातल्या किती जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवलं? उत्तर मिळालं नाही तर पैसे भरू नका.