‘धोकादायक’ जातींची यादी निघाली, तर आपल्या कुत्र्याची बाजू कुणी आणि कशी मांडायची?

तुम्ही विचारलंय की सरकार जातीच्या नावावर कुत्र्यांवर बंदी घालू शकतं का, आणि कुत्र्यांच्या शोचे नियम असोत की कायदा, आपल्या जातीचं म्हणणं मालकाने कसं मांडायचं.

पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात देते. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने 12 मार्च 2024 ला राज्यांना पत्र पाठवलं होतं. 23 जातींची विक्री आणि पैदास थांबवा, घरात आधीपासून आहेत त्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. 10 एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण ज्यांचा संबंध येतो त्यांचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं. त्या यादीत तोसा ही एकच जपानी जात दोन नावांनी दोनदा होती. आणि मध्येच ‘टेरियर’ एवढा एकच शब्द. म्हणजे पिटबुलपासून मांडीवर मावणाऱ्या यॉर्कशायर टेरियरपर्यंत सगळे त्यात आले. कुत्री ओळखणारं एकही माणूस लिहिताना शेजारी बसलेलं असतं, तर ही यादी अशी निघाली नसती.

दुसऱ्या भागासाठी मला 2017 चा एक शो सांगावा लागेल.

आमचं घर जत तालुक्यातलं. सासरी तीन पिढ्या कारवान, म्हणजे सडपातळ देशी शिकारी कुत्री आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा कुत्र्याला भिणारी होते, आणि मामंजींनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की कारवानीकडे आपण जायचं नाही, तिला येऊ द्यायचं. अनोळखी माणसाने वरून हात टाकलेला या जातीला चालत नाही. ती चावत नाही, मागे सरते. दाबून धरली तर गुरगुरते. माळावर एकट्याने ससा उठवून त्याच्यामागे धावणारं हे जनावर आहे, पाहुण्यांच्या मांडीवर बसायला कुणी घडवलेलं नाही.

मामंजींची एक वही होती. कोणत्या कुत्रीला कोणता नर लावला, किती पिल्लं झाली, कुठलं पिल्लू कुणाकडे गेलं, कोण भित्रं निघालं, कोण पोरांवर धावलं. शाईपेनाने, मोडीच्या वळणाच्या अक्षरात. ते गेल्यावर ती वही मी चालवते.

हरणी आमची दोन वर्षांची कुत्री. तिला घेऊन मी पुण्यातल्या एका शोला गेले. जज परदेशी होते. आधी तिच्या कंबरेची हाडं दिसतात म्हणून त्यांनी मान हलवली. अहो, पळणाऱ्या कुत्र्याची कंबरेची हाडं दिसायलाच हवीत! ती झाकली गेली की समजायचं, जनावर अंगाने सुटलं. तेही मी गिळलं. मग दात बघायला त्यांनी समोरून वाकून तिच्या डोक्यावरून हात घातला. हरणी मागे सरली. त्यांनी पुन्हा धरलं. ती गुरगुरली. एवढंच. त्यांनी हात झटकला, आम्हाला रिंगबाहेर काढलं आणि कागदावर एक शब्द लिहिला, ‘आक्रमक’.

माझे हात थरथरत होते. दोन दिवसांपूर्वी हिच्याच पोटावर डोकं ठेवून माझी मुलगी झोपली होती. बाहेर आल्यावर एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, जाऊ द्या, शो आहे, पुढच्या वेळी बघू. पण मी शाळेत शिकवते, आणि शेऱ्याचं काय होतं हे मला माहीत आहे. पोराच्या प्रगतिपुस्तकावर एकदा ‘उद्धट’ लिहिलं की पुढची चार वर्षं प्रत्येक शिक्षक त्याला त्याच नजरेने बघतो. आज हरणीच्या कागदावर आलेला शब्द उद्या कारवानाच्या नावापुढे येईल, आणि परवा कुणीतरी यादी करायला बसेल तेव्हा तो शब्द तिथे तयार असेल.

म्हणून मी पत्र लिहिलं. शो भरवणाऱ्यांना, चार पानी. देशी शिकारी जातींना तपासताना जजने बाजूने यावं, दात मालकाने स्वतः उघडून दाखवावेत आणि मागे सरणं म्हणजे आक्रमकपणा धरू नये, अशी मागणी केली. सोबत वहीतल्या चौदा वेतांचा स्वभावाचा हिशेब जोडला. त्यात पोरांवर धावलेला एक नरही होता, तोसुद्धा लपवला नाही. आसपासच्या अकरा जणांच्या सह्या घेतल्या, त्यात दोन धनगर आजोबांचे अंगठे होते. नियम बदलला नाही. पण दीड वर्षाने दुसऱ्या एका शोमध्ये जज आपणहून म्हणाले, ‘तुम्हीच दात दाखवा.’ हरणी शांत उभी राहिली. बक्षीस मिळालं नाही, शेरा मात्र स्वच्छ आला.

सही न करणारा बारावा माणूस माझ्याच घरातला होता. माझे दीर. भाऊजींचं म्हणणं, ‘वहिनी, कागद काय चाटायचेत? जजला मोठं आणि लाडीगोडी करणारं कुत्रं हवं, तर आपण तसं काढू.’ आणि त्यांनी काढलंही. ग्रेहाऊंड या परदेशी पळणाऱ्या जातीचं रक्त आणलं. पिल्लं उंच झाली, शर्यतीत पळाली, चांगल्या किमतीला गेली. पण ती कारवान नाहीत. दुपारच्या उन्हात खडकाळ माळावर दोन तास चालवून बघा, मग बोला. जज चुकला तर जजला सांगावं. त्याच्या चुकीला शोभेल असं जनावर पैदा करणं म्हणजे जातीचा गळा आपल्याच हाताने दाबणं आहे.

मग 2024 ची यादी आली. भाऊजी म्हणाले, आपलं नाव नाही, आपल्याला काय. मिरजेला एका ओळखीच्या बाईंकडे यादीतल्याच जातीचा, रॉटवायलर आहे, सहा वर्षांचा. त्यांच्या इमारतीत लगेच चर्चा सुरू झाली, याला हलवा म्हणून. मी आमच्या 2017 च्या पत्राची प्रत त्यांना पाठवली आणि तशीच मांडणी करायला सांगितलं. कुत्र्याचं वय, लसी, आजवर कुणाला चावला का, बाहेर नेताना काय लावता. त्यांनी ते इमारतीच्या सभेत वाचून दाखवलं. कुत्रा आजही तिथेच आहे.

नाव नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांनी इंग्लंडकडे बघावं. तिथल्या 1991 च्या कायद्यात चार प्रकारची कुत्री होती, 2023 अखेरीस एक्सएल बुली पाचवी झाली. आणि तिथे कागद नव्हे, ठेवण बघून ठरवतात. डोकं केवढं, छाती केवढी. उलट नेदरलँड्सने पिटबुलवरची 1993 ची बंदी 2008 मध्ये उठवली.

आपल्याकडे तर कारवानच्या नावाचाच घोळ आहे, आणि जातींची नोंद करणाऱ्या संस्थांतही. केनेल क्लब ऑफ इंडिया याच कुत्र्याला कॅरव्हान हाऊंड म्हणतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाऊंड म्हणतो. 2005 च्या टपाल तिकिटावर मुधोळ, राष्ट्रीय नोंदीतही मुधोळ, तेही कर्नाटकच्या नावावर. मला मुधोळकरांचा राग नाही. त्यांच्या संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला जोडी भेट दिली, पुढे तिथे सरकारी संशोधन केंद्र झालं. त्यांच्या बाजूने लिहिणारे होते. आमच्याकडे माळावर कुत्री होती, लिहिणारं कुणी नव्हतं.

तेव्हा करायचं ते हे: मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची चिप, लावून नोंद करा. देशी कुत्र्याला आईबापाचे पेपर नसले तरी जाणकाराने तपासून पहिली नोंद करायची सोय असते, ती वापरा. वेताची वही ठेवा, वाईट पिल्लाचीही. सरकारने हरकती मागवल्या की मुदतीत लेखी पाठवा. मोर्च्यात कुत्री आणू नका, गोंधळात एक जरी कुणावर धावलं तरी तोच फोटो छापून येतो.

एक राहिलं. मी जातबंदीच्या विरोधात आहे म्हणून कुठलंही कुत्रं कुणीही पाळावं असं म्हणत नाही. रॉटवायलरच्या जबड्याची ताकद आणि छोट्याशा स्पिट्झच्या जबड्याची ताकद एक नाही. पोरं खेळतात तिथे मोठं कुत्रं मोकळं सोडणाऱ्यावर गुन्हा दाखल झालाच पाहिजे. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 त्यासाठीच आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या मते हा दंड फार कमी आहे. आणि ज्याच्या घरी दिवसभर कुणी नसतं त्याने कारवानही घेऊ नये, साखळीला बांधून ते खरंच चावरं होतं.

भाऊजी हे वाचतील, म्हणून इथेच विचारते. वस्तीवर गेल्या महिन्यात जी सात पिल्लं झाली, त्यांचा बाप कोण? वहीत त्या वेताचं पान मी कोरं ठेवलं आहे.