हैदराबादला चांगल्या हॉटेलात दोन रात्री की साध्या लॉजवर चार?

तुमचा प्रश्न असा आहे: नागपूरहून हैदराबादला जायचं, लेकरांना रामोजी फिल्म सिटी आणि वंडरला हे राइड्सचं पार्क दाखवायचं. मुलं नऊ आणि पाच वर्षांची, सोबत गुडघे दुखणारी आई. पैसे ठरलेले. तेवढ्यात एकतर फिल्म सिटीच्या आवारातल्या चांगल्या हॉटेलात दोन रात्री होतात, नाहीतर बाहेर साध्या लॉजवर चार. काय निवडावं?

चार रात्री निवडा. मी हे दोन्ही करून पाहिलेलं आहे. 2024 च्या डिसेंबरात आम्ही महागड्या हॉटेलात दोन रात्री राहिलो आणि मागच्या दिवाळीच्या सुट्टीत साध्या लॉजवर चार. दोन्ही वेळा माणसं तीच: आम्ही दोघं, लेक, धाकटा आणि माझ्या सासूबाई.

सगळ्यात आधी रात्री मोजणं सोडा आणि पूर्ण दिवस मोजा. नागपूरची वंदे भारत पहाटे पाचला सुटते आणि सिकंदराबादला सव्वाबाराच्या सुमाराला पोचते. परतीची तिकडून दुपारी एकला निघते. आता दोन रात्रींचा हिशेब करा. पहिल्या दिवशी गाडीतून उतरून, सामान घेऊन, जेवून हॉटेलात शिरेपर्यंत तीन वाजतात. लेकरं पहाटे साडेतीनला उठलेली असतात, त्यामुळे त्या संध्याकाळी त्यांच्यात काही राम नसतो. तिसऱ्या दिवशी साडेदहालाच बॅगा उचलाव्या लागतात. म्हणजे हातात राहिला एक दिवस. एकच. चार रात्रींत असे तीन दिवस मिळतात. रात्री दुप्पट, दिवस तिप्पट, आणि रेल्वेचं भाडं दोन्हीकडे तेवढंच. पाच माणसांचं जाणं-येणं काही स्वस्त नाही, ते एका दिवसासाठी खर्च करायचं की तीन, हा खरा प्रश्न आहे.

पहिल्या वेळी आम्हाला हे कळलं नाही. हॉटेल खरंच सुंदर होतं. खोलीत शिरल्या शिरल्या धाकट्यानं पांढऱ्याशुभ्र पलंगावर उडी मारली आणि खिडकीतून खालचा स्विमिंग पूल पाहून टाळ्याच पिटल्या. पण पूल संध्याकाळी सातला बंद व्हायचा आणि आम्ही पार्कातून परतलो ते आठला. नाश्त्याला पदार्थांची रांग मांडलेली होती, सासूबाईंनी वाटीभर उपमा आणि दही घेतलं, कारण आम्हाला लवकर निघायचं होतं. त्या हॉटेलच्या भाड्यात जे जे आम्ही विकत घेतलं होतं त्यातलं आम्ही फक्त झोपलो. तेही सहा-सात तास. सासूबाई परत येताना गाडीत म्हणाल्या, "मले काय करायचं त्या कारंज्याचं, बाई? पाय पसराले जागा अन् सकाळी गरम पानी भेटलं म्हंजे झालं." मी तेव्हा हो म्हटलं आणि विसरले. पुढच्या वेळी तेच वाक्य कामी आलं.

तरी लॉज कुठलाही चालेल असं मुळीच समजू नका. इथे आमचं चुकलं आणि ते नीट सांगते, कारण तुमच्याबरोबर आई आहेत. आम्ही एलबी नगरच्या बाजूला खोल्या घेतल्या. जागा उत्तम निवडली होती: मेट्रोच्या लाल मार्गाचं ते शेवटचं स्टेशन, विजयवाड्याच्या रस्त्यानं फिल्म सिटी सरळ पुढे, आणि वंडरलाला जायला आउटर रिंग रोड जवळ. पण लॉजची लिफ्ट बंद होती आणि खोली दुसऱ्या मजल्यावर. चौतीस पायऱ्या. मी मोजल्या, कारण सासूबाई मधल्या वळणावर कठडा धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे उभं राहून मला दुसरं काही करता येत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि त्या मलाच सांगत होत्या, "तू जा वर, लेकराले भूक लागली." रात्री शेजारच्या मंगल कार्यालयात बारापर्यंत बँड वाजला. सकाळी गिझर सहा ते आठच चालू, तोपर्यंत पाचातल्या तिघांच्याच आंघोळी झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं मॅनेजरशी बोलून तळमजल्यावर दोन खोल्या मिळवल्या, थोडे पैसे जास्त देऊन. त्यानंतरचे दिवस सुखात गेले. तेव्हा बुकिंगच्या आधी फोन करा. ॲपवर चांदण्या किती आहेत ते पाहून भागत नाही, माणसाशी बोला. लिफ्ट आहे का नाही, चालू आहे का विचारा. तळमजल्यावर खोली मिळेल का, गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, शेजारी लग्नाचा हॉल आहे का, आणि आईंसाठी कमोड आहे ना, हेही विचारा. या गोष्टींसाठी भाडं थोडं वाढलं तर वाढू द्या. चकचकीत लॉबीसाठी वाढवू नका.

आता त्या तीन दिवसांचं काय करायचं. माझं मत पक्कं आहे: एक दिवस रामोजी, एक दिवस वंडरला आणि मधला दिवस मोकळा. मोकळा म्हणजे मोकळा. पैसे देऊन आलो तर तिसरं काहीतरी बघूनच घेऊ, हा मोह मलाही झाला होता. त्या दिवशी आम्ही आठपर्यंत झोपलो, अकराच्या सुमाराला सालारजंग म्युझियममध्ये गेलो, तिथल्या त्या घड्याळासमोर जाऊन बसलो. दर तासाला आतून एक दाढीवाला बाहुला येतो आणि टोले देतो. बारा वाजायच्या आधीच गर्दी जमलेली, धाकटा बापाच्या खांद्यावर, आणि बारा टोले होईपर्यंत एवढ्या माणसांत कोणी बोललं नाही. (शुक्रवारी म्युझियम बंद असतं, तेवढं बघून जा.) जेवून दीडला खोलीवर आलो आणि सगळे चारपर्यंत गाढ झोपले. संध्याकाळी धाकटा पलंगावर उभा राहून आजीला आदल्या दिवशीचा स्टंट शो करून दाखवत होता, पडण्याबिडण्यासकट, आणि आजी भिंतीला टेकून पाय लांब करून पाहत होत्या. पहिल्या सहलीत अशी एकही संध्याकाळ आमच्या वाट्याला आली नव्हती. महागडं हॉटेल जो आराम देतो म्हणतं, तो आम्हाला या जास्तीच्या दिवसानं दिला.

जास्त दिवसांचा आणखी एक फायदा आहे, तो आई सोबत असल्यावरच कळतो. एकच दिवस असेल तर सगळ्यांना सगळीकडे जावंच लागतं. कोणी खोलीवर थांबतो म्हटलं की बाकीच्यांना अपराधी वाटतं. दिवस हातात असले की वाटणी करता येते. रामोजी आईंसाठी चांगलं आहे. 1996 साली सुरू झालेलं हे आवार गिनेस बुकात जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून नोंदलेलं आहे, आणि ते एवढं पसरलेलं आहे की गेटपासून आत बसनंच नेतात, सेटही बसमधून फिरवून दाखवतात. जिथे चालायचं तिथे चालावं लागतंच, पण मध्ये मध्ये बसायला मिळतं. ‘बाहुबली’तल्या माहिष्मतीच्या सेटवर सासूबाई लेकरांपेक्षा जास्त रमल्या. वंडरला मात्र पळणाऱ्यांची जागा. तिथे त्यांना नेऊन बाकावर पर्स आणि चपला सांभाळायला बसवणं मला पटलं नाही. पहिल्या वेळी आम्ही नेमकं तेच केलं होतं. दुसऱ्या वेळी मी आणि सासूबाई लॉजवर थांबलो, नवरा दोन्ही लेकरांना घेऊन गेला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

वंडरलाचं एक आधीच सांगते. तिथे तिकीटही उंचीवर आहे: 85 सेंटीमीटरच्या आतल्या मुलांना फुकट, 140 पर्यंत लहान मुलांचं, त्याच्या वर मोठ्यांचं. मोठ्या, पोटात गोळा आणणाऱ्या राइड्सनाही उंचीची अट असते. पहिल्या सहलीत माझी लेक 138 होती. रांगेत अर्धा तास उभी राहून पुढे गेली, मोजपट्टीच्या खांबाला पाठ लावली आणि हळूच टाचा उचलल्या. तिथल्या मुलानं रागावून नाही, अगदी हसून तिच्या खांद्यावर हात ठेवून टाचा टेकवल्या. दोन सेंटीमीटर. तिनं मान खाली घातली ती संध्याकाळपर्यंत वर केली नाही. म्हणून निघायच्या आधी घरी दाराच्या चौकटीशी दोघांनाही उभं करा, पेन्सिलीनं खूण करा आणि कोणतं जमेल, कोणतं नाही हे तिथेच सांगून टाका. तुमची दोन्ही मुलं बहुधा 140 च्या खालीच असतील. मग त्यांच्या राइड्स एका दिवसात आरामात होतात, एकाच पार्कला दोन दिवस द्यायची गरज नाही. याच कारणासाठी मी चारच्या वर पाचवी रात्रही सुचवत नाही. पाण्यातल्या खेळांना नायलॉनचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत. नागपुरातूनच घेऊन जा, बर्डीच्या बाजारात स्वस्त मिळतात. आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा दशम्या-चटणी गाडीसाठी ठेवा.

पैशांचा हिशेब करताना मात्र फसू नका. चार रात्री म्हणजे नुसतं खोल्यांचं भाडं नव्हे. पाच माणसांची दोन वेळची जेवणं दोन दिवस वाढतात, टॅक्सी वाढते. उलट फिल्म सिटीतल्या हॉटेलच्या पॅकेजमध्ये पार्कचं तिकीट आणि जेवण धरलेलं असू शकतं. दोन्ही बाजूंचे आकडे एका कागदावर पूर्ण मांडा, मग तुलना करा. आमच्या वेळी सगळं धरून चार रात्री किंचित महाग पडल्या, तरी मी पुन्हा त्याच घेईन.

दोन रात्री लॉजवर आणि शेवटची एक चांगल्या हॉटेलात, असं कोणीतरी सुचवेलच तुम्हाला. ऐकायला छान वाटतं. पण हॉटेल बदलायचं म्हणजे सकाळी बॅगा भरणं, अकराला खोली सोडणं, नवी खोली दुपारी मिळणं. एवढ्यात अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवस वाचवण्यासाठीच तर आपण हे सगळं करतो आहोत.

महागडं हॉटेल मी कधी घेईन तेही सांगते. लेकरू दीड-दोन वर्षांचं असेल आणि त्याला दुपारी निजवायला पाच मिनिटांत खोलीवर यावं लागत असेल तर. किंवा आईंचे गुडघे इतके वाईट असतील की रोजचा टॅक्सीचा प्रवासही सोसणार नाही. तुमच्या आईंचं असं असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आवारातलंच हॉटेल घ्या, फक्त दोनऐवजी तीन रात्री जमतात का ते पाहा, दुसरीकडचा काही खर्च कापून. उन्हाळ्याच्या सुट्टीत जात असाल तर एसीशिवाय खोली घेऊ नका. आपण नागपूरकर पंचेचाळीस डिग्रीतून जातो म्हणून तिथलं ऊन काहीच नाही असं वाटतं, पण दिवसभर तापलेल्या फरशीवर फिरलेल्या पाच वर्षांच्या लेकराला रात्री पंख्याखाली झोप लागत नाही. शक्य असेल तर दिवाळीच्या सुट्टीतच जा.

आणि क्रम असा ठेवा: आधी रेल्वेचं तिकीट, मग लॉज, पार्कची तिकिटं शेवटी. आता रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं आणि सुट्टीतल्या तारखा लवकर भरतात. दिवाळीची सुट्टी लागते त्या तारखेपासून साठ दिवस मागे मोजा, कॅलेंडरवर खूण करा आणि त्या सकाळी आठला फोन हातात घेऊन बसा. आईंसाठी खिडकीची नाही, मधल्या वाटेच्या बाजूची सीट मागा. सात तासांत त्यांना दोन-तीनदा उठावं लागेल.