घोड्याखालचं कुत्रं

प्रश्न : काकू, नमस्कार. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या आणि देवघर माझ्याकडे आलं. चांदीचे सात टाक, म्हणजे देवाची प्रतिमा ठोकलेले छोटे पत्रे, आहेत. त्यातले दोन इतके झिजलेत की नुसता उंचवटा उरलाय, कोणता देव तेही कळत नाही. धाकट्या जाऊबाई म्हणतात, असे टाक पुजू नयेत, नदीत सोडा. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, सोडू नकोस, एक मी घेऊन जातो. शिवाय मी दर शुक्रवारी टूथपेस्टनं घासते, तरी आठ दिवसांत परत काळे. काय करू? – एक वाचक, बारामती

उत्तर : आधी ती टूथपेस्ट देवघरातून बाहेर काढा, मग बाकीचं बोलू.

मी सोनाराची मुलगी. दागिने घडवणारे गावात आणखी दोघं-तिघं होते, पण टाक ठोकायला लोक आमच्याच ओसरीवर यायचे. पितळी ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, पत्र्यावर शिशाचा तुकडा, आणि वरून हातोडा. शिसं मऊ, घाव बसला की ते पत्र्याला ठशाच्या कानाकोपऱ्यात दाबून बसवतं. मग मागच्या पोकळीत वितळलेली लाख ओतायची आणि तांब्याच्या पत्र्यानं पाठ बंद करायची. म्हणजे हाताला टाक भरीव लागतो तो लाखेमुळे. वरची चांदी जेमतेम जाड कागदाएवढी.

त्या कागदावर तुम्ही दर शुक्रवारी टूथपेस्ट चोळता. तिच्यात दात घासण्यासाठी बारीक भुकटी असते, ती चांदीही खरवडते. आणि तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकानं चांदीचाच वरचा थर काळा पडतो. तो घासून काढला की तेवढी चांदी गेली. तुमच्या आजेसासूबाईंनी रांगोळीनं घासले असतील, सासूबाईंनी पावडरीनं. दोष कुणाचाच नाही, सगळ्यांनी मनोभावेच घासलं. तुम्ही रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ फडकं भिजवून, पिळून, नुसतं फिरवा आणि लगेच कोरडं करा. उकळतं पाणी अजिबात नको, आतली लाख मऊ पडते. पाण्यात बुडवूनही ठेवू नका. पाठीचा सांधा सुटला असेल तर पाणी आत जाऊन बसतं. खोबणीत थोडं काळं राहिलं तर राहू द्या. देवाचे नाकडोळे दिसतात ते त्या काळ्यामुळेच.

आता ओळख. संध्याकाळी खोलीतला दिवा मालवा आणि मोबाईलची बॅटरी टाकाच्या समोरून न धरता बाजूनं, अगदी आडवी धरा. टाक हळूहळू फिरवा. माझ्या लहानपणी एक आजी असाच गुळगुळीत टाक घेऊन आल्या होत्या. घरातले म्हणत होते, हा वीर आहे, कुणीतरी लढाईत पडलेला पूर्वज. वडिलांनी टाक समईशी तिरका धरला, चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खालच्या कडेला घोड्याच्या पायांशी अंगठ्याचं नख टेकवलं आणि म्हणाले, ‘कुत्रं आहे. खंडोबाच.’ तांदळाच्या दाण्याएवढा फुगवटा होता तो, त्याला वर वळलेली शेपटी. मी विचारलं, देव झिजला आणि कुत्रं कसं राहिलं? तर म्हणाले, ‘हळदकुंकू देवाच्या तोंडाला लावतात. कुत्र्याला कोण लावतंय?’

तेव्हा तुम्हीही कडेपासून बघायला लागा. घोडा, खाली कुत्रं, स्वाराबरोबर घोड्यावर बसलेली म्हाळसा, यातलं काही सापडलं तर खंडोबा. नुसता ढाल-तलवारवाला, सोबत कुत्रं नाही, बाई नाही, तर वीर असण्याचा संभव जास्त. पुष्कळ हातांचा पंख्यासारखा उंचवटा आणि पायाशी रेड्याचं डोकं असेल तर भवानी. घोडेस्वार ज्योतिबाही असतो, म्हणून घाई नको. घरात कुलाचार जेजुरीच्या खंडोबाचा की वाडी रत्नागिरीच्या ज्योतिबाचा, हे चुलत सासऱ्यांना विचारा. टाकापेक्षा म्हाताऱ्यांची आठवण पुष्कळदा स्वच्छ असते.

नदीत सोडण्याला माझा साफ विरोध. आमच्याकडे झिजलेले टाक मोडून तीच चांदी नव्या टाकात घालत. गिऱ्हाईक समोर बसून राही, म्हणजे चांदी बदलल्याचा संशय नको. नवे टाक जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणायचे आणि मग देवघरात बसवायचे. कुलदेवतेचा टाक तसा जरूर करा. पण एखादा वीराचा निघाला, तर तो मोडू नका असं मी म्हणेन. खंडोबाचे ठसे ढीगभर मिळतील. तुमच्या घरातल्या त्या माणसाची आठवण बहुधा एवढीच उरली असेल.

मुलाचं मात्र अवघड आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात बसू शकते, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ‘घरचाच देव आहे’ हे उत्तर विमानतळावर चालत नाही. त्यापेक्षा त्याच्यासाठी नवा करा. भाऊ वेगळे निघाले की थोरल्याकडे जुने देव राहायचे आणि बाकीचे आपापल्या चुलीसाठी नवे टाक करून घ्यायचे. तोही वेगळाच निघालाय, फक्त जरा लांब.

(जाऊबाईंना हे उत्तर वाचायला द्या, पण माझं नाव सांगून. तुमच्यात उगाच तेढ नको.)

प्रश्न : चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलायला आमच्याकडे दरवर्षी शेजारून पुरुष बोलवावे लागतात. घरात आई, मी आणि बहीण. यंदा शेजारी गावाला जाणार आहेत. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : रीत अशी की तीन, पाच किंवा सात पुरुषांनी मिळून ताट उचलायचं. ताटात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडार; ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीनदा वर न्यायचं आणि खोबरं-भंडार उधळायचा. पुरुषच का, असं मी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘बायका तेव्हा चुलीपाशी वांगी भाजत असतात.’ खरंच असायच्या. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं त्या दिवशी भरीत होऊन रोडग्याबरोबर नैवेद्याला येतं, आणि भाजणाऱ्या ओट्यापाशीच अडकतात.

वडील गेल्यावर पुढच्याच वर्षी मी, आई आणि आत्यानं उचलली. आत्याचा हात थरथरत होता, एक सुपारी घरंगळून फडताळाखाली गेली ती दिवाळीच्या साफसफाईत सापडली. बाकी काही झालं नाही.

तुम्ही तिघी आहात. भरीत आधी करून ठेवा.