मेजावरून कुणाला उठवू नकोस

प्रिय बाळ,
सलाम.

आपल्या चर्चच्या सभासदांकडून दारू न पिण्याची लेखी प्रतिज्ञा घ्यावी की नाही, यावर येत्या सभेत हात वर करायचाय आणि तुझी झोप उडालीय. मी थेंबालाही शिवत नाही, म्हणून मी ठरावाच्या बाजूचा, असं तू धरून चाललंस. मी विरोधात आहे. मागेही होतो, तेव्हा मंडळीत मला ‘दारुड्यांचा वकील’ म्हणायला लागले. म्हणोत.

वचनांची मारामारी करत बसू नकोस. तू काना गावचं लग्न काढशील, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला; समोरचा प्रेषित पौलाचं इफिसकरांस पत्र काढेल, की द्राक्षारसाने मस्त होऊ नका. कुणीतरी पौलाच्याच करिंथकरांस पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय पुढे करीलच, की मद्यपीच्या पंक्तीला बसू नका. कबूल. पण ते दारूत बुडालेल्या, सांगून न ऐकणाऱ्या माणसाबद्दल आहे. लग्नात एखादी बिअर घेणाऱ्या पोरालाही तीच काठी? रोमकरांसचा चौदावा अध्याय वाच, नीट वाच. भावाला अडखळण होत असेल तर पिऊ नये, म्हणून तर मी पीत नाही. पण तिथे पौल मला माझा हात आवरायला सांगतो, भावाला प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याच्या, मेजावरून उठवायला नाही. दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण, हेही त्याच अध्यायात आहे. आपल्या लोकांना ते बरं दिसत नाही!

मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचं, उदाहरण तुला देतील. तिथे सैनिक, म्हणजे पूर्ण सभासद, व्हायचं तर दारू-तंबाखू सोडल्याची सही लागते, आणि मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण सही न केलेला माणूसही त्यांच्या उपासनेला येतो, आणि ते प्रभुभोजन पाळतच नाहीत. मेजावरून उठवायचा प्रश्नच नाही. अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट माणसाने १८६९ साली द्राक्षांचा रस तापवून बाटलीबंद केला, तो आंबू नये आणि प्रभुभोजनाला चालावा म्हणून. आपल्याकडे काळे मनुके रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळतात, ते त्याच वळणाचं. दारू सुटलेल्या माणसानेही बिनधास्त ओठाला लावावा असा पेला. त्यांनी पेला बदलला, माणूस नाही उठवला.

सहीने दारू सुटत नाही रे, तोंडात वेलदोडा येतो. माणूस पुढच्या बाकावरून मागे सरकतो, मग दाराशी, मग येतच नाही. तो गेला की मंडळी शुद्ध झाली म्हणायचं?

एक मात्र मला अजून टोचतं. ज्याचं नाव पटावरून काढायला मी सही दिली नाही (आणि आजही देणार नाही), त्याच्या बायकोने मला गाठून विचारलं, “भाऊ, त्यांची जागा राखलीत, माझ्या घराचं काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरात हात उचलणाऱ्याला मंडळीने जाब विचारलाच पाहिजे, त्या बाईबरोबर पोलीस चौकीपर्यंतही गेलं पाहिजे. तो न पिता मारत असला तरीही. त्यासाठी दारूचा ठराव कशाला लागतो?

तेव्हा गप्प बसू नकोस. उभं राहून दुरुस्ती सुचव: सह्या आधी पाळकांच्या आणि पंचांच्या, एक वर्षभर, सभासदांचं पुढच्या सभेत बघू. मग किती हात वर राहतात ते मोज आणि मला कळव.

तुझा,
काका