छोट्या हॉलमधल्या रॉक गिगला एकटं जाताना

एकटं जाताय, म्हणजे जागा मनासारखी निवडता येईल. स्टेजला अगदी चिकटू नका. तिथे ड्रम आणि गिटारच्या अ‍ॅम्पचा (आवाज वाढवणाऱ्या पेटीचा) आवाज थेट अंगावर येतो, गाणाऱ्याचा आवाज मात्र बाजूच्या स्पीकरमधून पुढे निघून जातो आणि शब्द कळतच नाहीत. साउंड इंजिनिअरच्या टेबलाजवळ उभे राहा. तो तिथूनच ऐकून मिक्स करतो, म्हणजे सगळे आवाज एकमेकांशी जुळवतो. इअरप्लग हवेतच! १०० डेसिबलला कान जेमतेम १५ मिनिटं सुरक्षित राहतात. फोमचा प्लग बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता टेकवलात तर उपयोग नाही. ओपनिंग बँड, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणारा, चुकवू नका. मधल्या वेळात मर्चच्या (बँडचे टी-शर्ट वगैरे विकायच्या) टेबलापाशी जा, बऱ्याचदा बँडवालेच तिथे भेटतात.