उतरलेला पंचम

सप्रेम आशीर्वाद.

वर्गात निर्दोष गाणारी तुझी विद्यार्थिनी मंचावर तालाच्या तिसऱ्याच आवर्तनात, म्हणजे फेरीत, गोंधळली, असे तू लिहिलेस. तिची तयारी कमी पडली असे मला वाटत नाही. बंदिश, आलाप, ताना हे सगळे तू तिला दिलेस, परंतु गाताना स्वतःला कसे सावरायचे हे शिकवायचे राहून गेले; ते माझ्याकडूनही बरीच वर्षे राहिले होते.

वर्गात चूक झाली की आपण तिथेच थांबवतो आणि ती जागा दहा वेळा घोटून घेतो. शिकवताना हे योग्यच आहे, पण त्यामुळे चूक झाली की थांबायचे, हीच सवय मुलांना लागते. मग मंचावर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली की त्यांची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या गुरूकडे वळते, आणि गुरूचा चेहरा पाहून उरलेसुरले अवसानही जाते. म्हणून आठवड्यातून एक दिवस तिला सलग गाऊ दे आणि तू चकार शब्द काढू नकोस. अंतऱ्याचे शब्द आठवेनात, तर ते आठवेपर्यंत नुसत्या ‘आ’कारात आलाप करावा. सम हुकली, तर षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, स्थिरावून तबल्याचा ठेका ऐकावा. बारा मात्रांच्या एकतालात ‘धागे तिरकिट’ हा तबल्याचा बोल दोनदा येतो, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि पुन्हा नवव्या-दहाव्या मात्रेला. घाबरलेले मूल पहिल्यालाच दुसरे समजून मुखडा, म्हणजे समेवर नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलते आणि आणखी अडकते. त्याआधी ‘कत् ता’ वाजले की नाही, एवढेच ओळखायला कान तयार झाला, तर मुखडा कुठून उचलायचा हे तिचे तिलाच कळेल.

लयीचेही तसेच आहे. छाती धडधडत असताना सांगितलेली लय ठरल्यापेक्षा हमखास चढी निघते आणि मग तबलजीला दोष दिला जातो. मुखडा मनात एकदा पूर्ण म्हणून झाल्यावरच तिने लय सांगावी.

वेळेचा हिशेब तिला वहीत मांडायला लाव. 12 मात्रांचे आवर्तन 48 सेकंदांचे धरले, तर 15 मिनिटांच्या बड्या, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालात 18 पूर्ण आवर्तने होतात. त्यातली दहा मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातच खर्ची पडली, तर तार षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, घाईघाईत लागणार. (रात्रभराच्या मैफलींची आठवण आपण काढतो खरी, पण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर, खुल्या मांडवात रात्री 10 वाजता ध्वनिक्षेपक बंद होतो.)

तरुणपणी एका कार्यक्रमात माझ्या तंबोऱ्याचा पंचम, म्हणजे ‘प’ची तार, गाताना उतरून बेसूर झाला. थांबलो तर लोक काय म्हणतील, या भीतीने मी तसाच गात राहिलो. मांडीवरची मूठ इतकी आवळली होती की नखांचे वळ तळहातावर उठले, आणि गळाही तसाच आवळत गेला. दोन आवर्तने थांबून तार मिळवून घेतली असती, तर कोणी उठून गेले नसते. तबलजीला नुसती मान हलवून सांगता आले असते, पण तेवढेही सुचले नाही.

येत्या रविवारी तिला माझ्याकडे घेऊन ये. तबल्याच्या साथीला मी कोणाला तरी बोलावतो. ती गात असताना तंबोऱ्याचा पंचम मी हळूच उतरवणार आहे. हे तिला आधी सांगू नकोस.