शेत ते ताट : वाचकांचे प्रश्न
भरताच्या वांग्याचं बी आणि कळण्याचं पीठ

प्रश्न : आमच्याकडे भरताची हिरवी वांगी घरच्याच बियाण्यातून होतात. सासूबाई थकल्यापासून बी धरायचं काम माझ्याकडे आलं. यंदा मात्र काही झाडांना जांभळट, लहान आणि देठाला काटे असलेली वांगी लागली. घरात सगळे म्हणतात, बी बिघडलं, पुढच्या साली संकरित रोपं आणू. बी सोडून द्यावं का?
– एक वाचक भगिनी, यावल तालुका

उत्तर : ताई, सोडू नका. बी बिघडलेलं नाही, त्यात थोडी भेसळ शिरली आहे आणि ती काढता येते.

आधी आठवून पाहा, मागच्या हंगामात तुमच्या बांधाला लागून किंवा परसात कुणी भाजीची काटेरी वांगी लावली होती का? मला वाटतं, लावली असणार. वांग्याच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात आणि बरंचसं फलन त्याच फुलातल्या परागानं होतं. पण हा पराग सहज सांडत नाही. पुंकेसराच्या टोकाला बारीक छिद्रं असतात, भोंगा फुलाला धरून गुणगुणतो तेव्हा त्या हादऱ्यानं तो बाहेर पडतो. तोच भोंगा या वाफ्यातून त्या वाफ्यात जातो. त्या वर्षीच्या वांग्यावर याची काही खूण दिसत नाही. फळ हिरवंच राहतं, बदल बियांत होतो आणि ते बी पेरल्यावर वर येतो. म्हणून यंदा दिसलेला फरक मागच्या साली झालेला आहे.

यात तुमच्या बाजूची एक गोष्ट आहे. वांग्यात जांभळा रंग साधारणपणे हिरव्यावर वरचढ ठरतो. म्हणजे संकर झालेली झाडं रंगावरून ओळखू येतात आणि जी निखळ हिरवी, पांढऱ्या रेषांची आली ती बहुधा शुद्धच आहेत. तेव्हा जांभळट झाडं आजच उपटा. त्यांना फळं लागली आहेत म्हणून जीव अडकतो, मला कळतं, पण ती फुलत राहिली तर यंदाचंही बी मिसळेल. बी धरायचं ते ही झाडं काढल्यानंतर लागलेल्या फळांतूनच.

आता बी कसं धरायचं. आपल्याकडे सगळ्यात मोठं वांगं बियाण्याला ठेवायची रीत आहे. मी फळाआधी झाड बघते. शेंडे न सुकलेलं, अळीनं कमी पोखरलेलं, पानं निरोगी, फळ मऊ आणि कमी बियांचं, साल पातळ, अशी आठ-दहा झाडं हेरून त्यांना चिंधी बांधून ठेवा. एकाच झाडावर विसंबू नका. चंपाषष्ठीच्या सुमाराला झाडं भरात असतात, निवड तेव्हा करावी. प्रत्येक झाडावरच्या दोन-तीन कळ्या उमलायच्या आदल्या दिवशी मलमलीच्या छोट्या पिशवीत बांधा आणि फूल उमललं की सकाळी फांदीला हलकेच टिचकी मारा. फळ धरलं की पिशवी सोडा, देठाला लाल दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगा की दोऱ्याचं वांगं तोडायचं नाही. हे सांगणं फार महत्त्वाचं. पाहुणे आले की भरतासाठी पहिला हात मोठ्या वांग्यावरच जातो.

ते फळ झाडावर पिवळं पडू द्या. तोडून काही दिवस सावलीत ठेवा, मग चिरून गर पाण्यात चोळा. भरीव बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं, ते ओतून द्या. राहिलेलं बी सुती कापडावर पातळ पसरून सावलीत वाळवा. पत्र्यावर, कडक उन्हात नको. पूर्ण वाळलं की चाळलेली राख चोळून कोरड्या बरणीत भरा आणि चिठ्ठीवर साल लिहा. दरवर्षी सगळं बी पेरून टाकू नका, थोडं मागे ठेवा. एखादा हंगाम अतिपावसानं गेला तर तेच कामी येतं.

संकरित रोपांविषयी माझा राग नाही. बाजारासाठी माल हवा असेल तर एका तुकड्यात लावा, पण घरच्या वांग्यांपासून लांब. संकरित फळातलं बी धरून तसंच वांगं पुन्हा मिळत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं. घरचं बी मात्र तुमच्या हक्काचं आहे. 2001 च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला आपलं बी राखता, पेरता, देता-घेता आणि विकताही येतं, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही.

जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमान वाटावा असंच आहे, पण मानांकनानं नाव जपलं जातं. वाण जपायला तुमच्यासारखं कुणीतरी दरवर्षी बरणीवर साल लिहावं लागतं. कपाशीच्या काड्यांवर भाजताना ज्याला तेल सुटल्यासारखी चकाकी येते आणि बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचलं की जे लोण्यासारखं मिळून येतं, ते वांगं दुसऱ्या वाणातून मला तरी मिळालेलं नाही. सासूबाई अजून बोलत्या-चालत्या आहेत, तर झाडं निवडताना त्यांना खाटेसकट शेतात न्या. त्या कोणत्या झाडापाशी थांबतात ते बघा, आणि का थांबल्या ते विचारा.

प्रश्न : धुळ्याहून नाशिकला आल्यापासून कळण्याची भाकरी जमत नाही. तयार पीठ आणलं तर भाकरी कडक होते. प्रमाण सांगाल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भाऊ, पीठ दळून आणा. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद, दळतानाच थोडं जाडं मीठ आणि चमचाभर मेथ्या. डाळ घेऊ नका, अख्खे उडीदच हवेत, चिकटपणा आणि चव त्यांच्यामुळे. ज्वारीत जे लायसिन, म्हणजे प्रथिनातला एक गरजेचा घटक, कमी असतं ते उडदात भरपूर असतं, म्हणून ही जोडी कष्टकऱ्याच्या पोटाला पुरते. दळण थोडं आणा, जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते. पाणी कोमट घ्या, पीठ तळहातानं चांगलं मळा आणि गोळा लगेच थापा. ठेचा आणि कच्चा कांदा असला तरी भागतं.